राजकीय मानवशास्त्र

राजकीय मानवशास्त्र : मानवी समाजांतील सत्ता, अधिकार, नेतृत्व, तंटानिवारण व सामाजिक नियंत्रण यांचा तौलनिक अभ्यास करणारी सामाजिक मानवशास्त्राची एक शाखा. राज्यसंस्था हे राजकारणाच्या अनेक रूपांपैकी एक रूप होय, हे या शाखेचे आधारभूत गृहीत आहे. ज्या समाजात राजा, न्यायालय, पोलीस, तुरुंग वा लेखी कायदा यांपैकी काहीच नाही, अशा समाजातही सामूहिक निर्णय घेतले जातात, भांडणे मिटविली जातात, अपराध्याला शासन होते आणि परक्यांशी युद्ध वा तह केला जातो. ही कामे तेथे कोण करतो, कोणत्या अधिकाराने करतो आणि त्याचे म्हणणे इतर लोक का मानतात, या प्रश्नांपासून राजकीय मानवशास्त्राचा आरंभ होतो. सत्ताधाऱ्याला आवर घालण्याची कोणती साधने समाजाच्या हाती असतात, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न होय.

व्याप्ती व इतर सामाजिक शास्त्रांशी संबंध : राज्यशास्त्राचा भर परंपरेने राज्य, संविधान, शासनसंस्था व राजकीय पक्ष यांवर राहिला. समाजशास्त्राने मुख्यतः आधुनिक औद्योगिक समाजातील वर्ग, नोकरशाही, शहरे व सामाजिक चळवळी यांचा विचार केला. मानवशास्त्राने लहान व बहुधा निरक्षर समाजांत दीर्घकाळ राहून तेथील जीवनाचा समग्र अभ्यास करण्याची पद्धती विकसित केली. या तिन्हींच्या सीमा आज बऱ्याच पुसट झाल्या असल्या, तरी दृष्टिकोनांतील भेद कायम आहे. एखाद्या ग्रामपंचायतीची निवडणूक उदाहरणादाखल घेतल्यास राज्यशास्त्रज्ञ पंचायतीचा कायदा, राखीव जागा, पक्षांचे बलाबल व मतदानाचे आकडे पाहील. समाजशास्त्रज्ञ उमेदवार व मतदार यांची जात, जमीनधारणा व शिक्षण यांचा परस्परसंबंध शोधील. तर मानवशास्त्रज्ञ त्या गावात वर्ष-दोन वर्षे राहून भावकीतील वैर, सोयरिकी, उसनवारी, यात्रेतील मानपान आणि चावडीवर कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे टिपून घेईल. निवडणुकीचा निकाल या सर्व गोष्टींनी मिळून घडतो. त्यामुळे तिन्ही शास्त्रे परस्परांना पूरक ठरतात.

या अभ्यासातील काही मूलभूत संज्ञा जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) याच्या विवेचनातून आल्या आहेत. दुसऱ्याच्या इच्छेविरुद्धही आपली इच्छा अमलात आणण्याची शक्यता म्हणजे सत्ता. आज्ञा देणाऱ्याला ती देण्याचा हक्क आहे, असे आज्ञा पाळणाऱ्यालाही वाटत असेल, तर ती सत्ता अधिमान्य ठरते. अधिमान्यतेचे परंपरा, विभूतिमत्त्व आणि विधिनियम असे तीन आधार वेबरने सांगितले. विशिष्ट भूप्रदेशात बळाच्या अधिमान्य वापराची मक्तेदारी असलेली संघटना, अशी त्याने राज्याची व्याख्या केली. ज्या समाजात अशी मक्तेदारी कोणाकडेच नाही तेथे शांतता कशी टिकते, हे स्पष्ट करण्याचे काम राजकीय मानवशास्त्राने अंगावर घेतले.

उगम व विकास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्क्रांतिवादाच्या प्रभावाखाली राज्याच्या उगमाविषयी चर्चा सुरू झाली. इंग्रज विधिज्ञ सर हेन्री मेन (१८२२–८८) याने एन्शंट लॉ (१८६१) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की प्राचीन समाज आप्तसंबंधांवर उभे होते आणि एकाच भूप्रदेशात राहणे हा राजकीय ऐक्याचा आधार नंतरच्या काळात निर्माण झाला. मेन १८६२ ते १८६९ या काळात हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलच्या मंडळाचा विधिसदस्य होता. येथील ग्रामसंस्थांच्या माहितीचा त्याने आपल्या पुढील लेखनात उपयोग केला.

अमेरिकन वकील व मानवशास्त्रज्ञ ल्यूइस हेन्री मॉर्गन (१८१८–८१) याने प्रत्यक्ष परिचयाच्या आधारे न्यूयॉर्क राज्यातील इरोक्वॉय लोकांच्या संघाचे वर्णन १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. मोहॉक, ओनायडा, ऑनन्डागा, कयूगा व सेनेका या पाच जमातींच्या या संघात अठराव्या शतकात टस्करोरा ही सहावी जमात सामील झाली. संघाच्या सभेत पन्नास प्रमुखांची पदे होती व निर्णय एकमताने होत. प्रमुख पुरुष असले, तरी त्यांची निवड कुळीतील ज्येष्ठ स्त्रिया करीत आणि कर्तव्यात चुकणाऱ्या प्रमुखाला पदावरून दूर करण्याचा अधिकारही त्यांनाच होता. यूरोप व अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार नसलेल्या काळात हे वर्णन प्रसिद्ध झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे एन्शंट सोसायटी (१८७७) या ग्रंथात मॉर्गनने आप्तसंबंधांवर आधारलेला समाज व भूप्रदेश आणि मालमत्ता यांवर आधारलेला समाज असा भेद केला. त्याच्या आधारे फ्रीड्रिख एंगेल्स (१८२०–९५) याने १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता व राज्य यांच्या उगमाची मीमांसा केली.

रानटी अवस्था, अर्धसंस्कृत अवस्था व सभ्यता या पायऱ्यांनी सर्व समाज एकाच जिन्याने वर चढतात, ही उत्क्रांतिवाद्यांची कल्पना विसाव्या शतकात मागे पडली. रॉबर्ट लोई (१८८३–१९५७) याने द ओरिजिन ऑफ द स्टेट (१९२७) मध्ये दाखवून दिले, की आप्तसंबंध व प्रादेशिक बंध हे दोन्ही सर्व समाजांत कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोस्की (१८८४–१९४२) याने पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर राहून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष क्राइम अँड कस्टम इन सॅव्हिज सोसायटी (१९२६) मध्ये मांडले. तथाकथित रानटी माणूस रूढीचा गुलाम असून ती आंधळेपणाने पाळतो, हा समज त्याने खोडून काढला. समुद्रकिनाऱ्यावरील कोळी आतल्या गावच्या शेतकऱ्याला मासळी देतो व त्याच्याकडून कंदमुळे घेतो. यात कुचराई करणाऱ्याला पुढच्या खेपेस कोणी विचारत नाही. परस्परांवरील ही अवलंबिता व जनलज्जा यांमुळे नियम पाळले जातात, असे मॅलिनोस्कीचे म्हणणे होते.

आफ्रिकेतील अभ्यास : राजकीय मानवशास्त्राला स्वतंत्र शाखेचे रूप १९४० मध्ये आले. त्या वर्षी मेयर फोर्टिस (१९०६–८३) व ई. ई. इव्हान्झ-प्रिचर्ड (१९०२–७३) यांनी संपादिलेला आफ्रिकन पोलिटिकल सिस्टिम्स हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन (१८८१–१९५५) याची प्रस्तावना लाभलेल्या या ग्रंथात आफ्रिकेतील आठ समाजांचे वर्णन असून त्यांची दोन गटांत विभागणी केलेली आहे. झुलू, बेंबा इ. समाजांत मध्यवर्ती सत्ता, प्रशासन व न्यायसंस्था होत्या. तर टॅलेन्सी, नुएर इ. समाजांत यांपैकी काहीही नसून वंशशाखांच्या परस्परसंबंधांतून राजकीय व्यवस्था सिद्ध होत असे.

यांपैकी नुएर लोकांचे उदाहरण विशेष गाजले. नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यातील दलदली व गवताळ प्रदेशांत राहणारे हे गोपालक लोक आज दक्षिण सूदान व लगतचा इथिओपियाचा भाग यांत आढळतात. इव्हान्झ-प्रिचर्डने त्यांच्यात १९३० ते १९३६ या काळात अनेक खेपांत मिळून सुमारे एक वर्ष वास्तव्य केले. त्यांची संख्या तेव्हा दोन लाखांहून अधिक होती आणि त्यांच्यावर कोणाही एकाची सत्ता नव्हती. दोन सख्ख्या भावांची मुले आपसांत भांडत. पण दूरच्या भावकीशी वाद आला, की ती एक होत. त्याहून दूरच्या शाखेशी संघर्ष उद्भवला, की या दोन्ही भावक्या एकत्र येत आणि शेजारच्या डिंका लोकांशी गाठ पडली, की अनेक शाखा आपले हेवेदावे बाजूला ठेवीत. अशा रीतीने समान तोलाचे गट एकमेकांसमोर उभे राहत व त्यांच्या तोलातून व्यवस्था टिकून राही. या रचनेला ‘खंडात्मक वंशव्यवस्था’ असे नाव पडले.

मनुष्यवध झाल्यावर ही व्यवस्था कशी चाले, हे पाहण्यासारखे आहे. वध करणारा मनुष्य तडक बिबळ्याचे कातडे पांघरणाऱ्या एका विधिप्रमुखाच्या घरी आश्रयास जाई. मृताचे रक्त आपल्या अंगात भिनले आहे, या समजुतीमुळे प्रमुखाने त्याच्या दंडावर चीर देऊन रक्त वाहू देईपर्यंत तो अन्नपाण्याला शिवत नसे. त्या घराच्या परिसरात सूड घेणे निषिद्ध होते. दुखावलेल्या नातलगांचा क्षोभ थोडा ओसरला, की प्रमुख दोन्ही पक्षांमध्ये बोलणी करी आणि मृताच्या कुटुंबाला सामान्यतः चाळीस ते पन्नास गुरे भरपाई म्हणून देण्याचे ठरे. त्या गुरांतून मृताच्या नावाने एक बायको केली जाई व तिची संतती मृताची मानली जाई. प्रमुखाजवळ शिपाई नव्हते वा कोणाला शिक्षा करण्याची ताकदही नव्हती. मृताचे नातलग प्रथम भरपाई नाकारीत व प्रमुखाने फार आग्रह केल्यावर त्याच्या मानाखातर ती घेत. तडजोड दोन्ही पक्षांना हवीच असे; प्रमुखाच्या मध्यस्थीमुळे ती कमीपणा न येता स्वीकारता येई.

मॅक्स ग्लकमन (१९११–७५) याने या विवेचनात महत्त्वाची भर घातली. कुळीबाहेर विवाह करण्याच्या नियमामुळे एका शाखेच्या लेकी दुसऱ्या शाखेत नांदत असतात. त्या दोन शाखांत वैर पेटले, तर कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी जावई विरुद्ध बाजूला असतो आणि असे लोक समेटासाठी दबाव आणतात. एका नात्यातील निष्ठा दुसऱ्या नात्यातील वैराला आवर घालते, हे सूत्र त्याने कस्टम अँड कॉन्फ्लिक्ट इन आफ्रिका (१९५५) मध्ये मांडले.

टीका व पुनर्विचार : वरील अभ्यासांवर पुढे दोन दिशांनी टीका झाली. पहिला आक्षेप असा, की त्यांत समाज स्थिर व समतोल असल्याचे गृहीत धरलेले आहे. एडमंड लीच (१९१०–८९) याने ब्रह्मदेशाच्या (आता म्यानमार) उत्तरेकडील डोंगराळ भागातील काचिन लोकांचा अभ्यास करून १९५४ मध्ये दाखविले, की तेथील गावे सरदारांच्या अमलाखालील श्रेणीबद्ध व्यवस्था व समतेवर आधारलेली बंडखोर व्यवस्था यांच्यामध्ये हेलकावे खात असतात. सरदार खोऱ्यातील शान राजांसारखा वागू लागला, की त्याचे आप्त त्याला प्रजेसारखे वागवून घेण्यास नकार देतात आणि त्याची सत्ता उलथवितात. समतेच्या व्यवस्थेतही कालांतराने कोणीतरी वरचढ होतो व चक्र पुन्हा फिरते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. ज्या समाजांचे वर्णन ‘राज्यविहीन’ असे केले गेले, ते त्या वेळी वस्तुतः वसाहतींच्या राज्याखाली होते. इव्हान्झ-प्रिचर्डचे काम अँग्लो-ईजिप्शियन सूदानच्या सरकारच्या विनंतीवरून सुरू झाले होते. त्याच्या थोडेच आधी, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्या सरकारने नुएर लोकांवर लष्करी मोहिमा काढल्या होत्या व विमानांतून बाँबही टाकले होते. नुएर लोकांनी त्याला आपली माहिती देण्यात प्रथम केलेली टाळाटाळ या पार्श्वभूमीवर सहज समजते. तलाल असद याने संपादिलेल्या अँथ्रपॉलॉजी अँड द कलोनिअल एन्काउंटर (१९७३) या ग्रंथापासून ज्ञान व साम्राज्यसत्ता यांच्या संबंधांची चिकित्सा हा या शाखेचाच एक विषय बनला.

नुएर समाजाची पुढील वाटचाल शॅरन हचिन्सन हिने नुएर डिलेमाज (१९९६) या ग्रंथात नोंदविली आहे. सूदानमध्ये १९८३ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धात बंदुका गावोगाव पोहोचल्या. भाल्याने मारलेला माणूस कोणी मारला हे स्पष्ट असे. बंदुकीच्या गोळीबाबत ते सांगता येईना. शिवाय ‘घरचे युद्ध’ व ‘सरकारचे युद्ध’ वेगळे असून दुसऱ्यात केलेल्या वधाचा दोष लागत नाही, त्यासाठी शुद्धी वा भरपाई करावी लागत नाही, असे लष्करी नेते सांगू लागले. सूडाला आवर घालणारा धागा यामुळे दुबळा झाला. दक्षिण सूदान २०११ मध्ये स्वतंत्र झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथे पुन्हा यादवी पेटून तिची मोठी झळ नुएर व डिंका लोकांना बसली. जुनी नियंत्रणे मोडावीत व त्यांची जागा घेणारी विश्वासार्ह न्यायव्यवस्था मात्र उभी राहू नये, अशी ही अवस्था होय.

राजकीय व्यवस्थांचे प्रकार : एल्मन सर्व्हिस (१९१५–९६) याने १९६२ मध्ये टोळी, जमात, नायकसत्ता व राज्य अशी चतुर्विध विभागणी केली. शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या टोळ्यांत सामान्यतः काही डझन माणसे असतात व पुढारीपण प्रसंगापुरते असते. कालाहारी वाळवंटातील झू-होआन्सी लोकांत एखाद्याने मोठी शिकार साधली, तरी इतर लोक ती किरकोळ आहे, हाडेच फार आहेत, अशी तिची हेटाळणी करतात व शिकारीही तिला दुजोरा देतो. यशाचा ताठा चढून उद्या हा आपल्यावर हुकूम चालवील, या धोक्यावरचा हा उपाय असल्याचे स्पष्टीकरण त्यांनी रिचर्ड ली या संशोधकाला दिले. शिवाय मांसाची वाटणी शिकाऱ्याकडे नसून ज्याचा बाण लागला त्याच्याकडे असते आणि बाण उसने दिले-घेतले जात असल्यामुळे हा मान फिरता राहतो.

मेलानीशियातील ‘मोठा माणूस’ व पॉलिनीशियातील जन्मसिद्ध नायक यांतील भेद मार्शल सालिन्स (१९३०–२०२१) याने १९६३ मध्ये स्पष्ट केला. मोठा माणूस डुकरे व कंद यांच्या जेवणावळी घालून, लोकांना उपकाराखाली ठेवून अनुयायी जमवितो. त्याचे मोठेपण त्याच्याबरोबर संपते. नायकाचे पद मात्र वंशपरंपरेने चालते व व्यक्ती बदलली, तरी टिकते. प्रजेकडून धान्य व श्रम हक्काने मागण्याची सोय तेथे प्रथम निर्माण होते.

नायकसत्तेतून राज्य कसे उद्भवते, याविषयी मतभेद आहेत. मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या व्यवस्थेसाठी नोकरशाही आवश्यक झाली, असे कार्ल विटफोगेल याने १९५७ मध्ये प्रतिपादिले. डोंगर, वाळवंट वा समुद्र यांनी वेढलेल्या सुपीक खोऱ्यात पराभूतांना पळून जाण्यास जागा नसते, म्हणून युद्धातून राज्य निर्माण होते, असा सिद्धांत रॉबर्ट कार्नेरो याने १९७० मध्ये मांडला. कोणतेही एक कारण सर्वत्र लागू पडत नाही, असेच आज मानले जाते. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ प्येअर क्लास्त्र (१९३४–७७) याने मात्र प्रश्नच उलटा केला. दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासी समाजांच्या अभ्यासावरून त्याने १९७४ मध्ये असे मत मांडले, की तेथील नायकाने सतत बोलावे, सढळ हाताने द्यावे. पण हुकूम सोडू नये, अशी समाजाची अपेक्षा असते. असे समाज राज्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत असे नसून, त्यांनी राज्य उद्भवू दिले नाही. जेम्स स्कॉट (१९३६–२०२४) याने द आर्ट ऑफ नॉट बीइंग गव्हर्न्ड (२००९) मध्ये आग्नेय आशियातील डोंगराळ प्रदेशांविषयी याच धर्तीची मांडणी केली. कर, वेठ व सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी लोक डोंगरांत गेले, असे तो म्हणतो. या मांडणीत अतिव्याप्ती आहे, अशी टीकाही झाली आहे.

भारतातील अभ्यास : भारतात राज्यसंस्थेची परंपरा प्राचीन असली, तरी गाव, जात व जमात यांना आपल्या अंतर्गत कारभारात बरीच स्वायत्तता होती. मराठी मुलखात वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. तीत सरकारी अंमलदारांबरोबर पाटील, कुलकर्णी, शेतकरी व बलुतेदार हजर असत आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत, उदा., कुणब्याची निशाणी नांगर ही असे. न्यायदानात बलुतेदारांचा असा सहभाग असला, तरी मानाची उतरंड तेथेही सुटलेली नव्हती.

ब्रिटिश अमदानीत मानवशास्त्रीय वर्गीकरण हे शासनाचे साधन बनले. त्याचा सर्वांत अनिष्ट परिणाम म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होय. गुन्हेगारी हा जातीचा वंशपरंपरागत व्यवसाय आहे, या समजुतीवर तो आधारलेला होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली व मुंबई इलाख्यातील कैकाडी, भामटा, कंजारभाट इ. समाज त्याच्या कक्षेत आले. जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. अनेकांना सोलापूरसारख्या ठिकाणच्या वसाहतींत डांबण्यात आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला व हे समाज ‘विमुक्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तथापि, कागदावरून पुसलेला शिक्का समाजाच्या मनातून पुसला जाण्यास कायदा पुरेसा पडत नाही, हे त्यांच्या नंतरच्या अनुभवावरून दिसून येते.

आदिवासींच्या भवितव्याविषयीचा वादही याच काळातील आहे. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे १९२४ पासून प्रमुख असलेले गो. स. घुर्ये (१८९३–१९८३) यांनी १९४३ मध्ये आदिवासी हे मागासलेले हिंदूच असून त्यांना वेगळे ठेवणे अयोग्य होय, असे मत मांडले. व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) याने सावकार, ठेकेदार व जंगलखाते यांच्यापासून आदिवासींच्या संरक्षणावर भर दिला. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा (१९०३–७०) यांनी डिसेंबर १९४६ मध्ये वेगळीच भूमिका घेतली. आदिवासींना लोकशाही शिकविण्याची गरज नाही, लोकशाहीची रीत इतरांनीच त्यांच्याकडून शिकावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांच्याविषयी विद्वान वाद घालीत होते, त्यांच्यातीलच एकाने केलेले हे विधान राजकीय मानवशास्त्राच्या मूळ गृहीताशी जुळणारे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण सत्तासंबंधांचे अनेक अभ्यास झाले. म्हैसूरकडील रामपुरा या गावाच्या अभ्यासातून एम. एन. श्रीनिवास (१९१६–९९) यांनी ‘प्रभावी जाती’ची संकल्पना मांडली. संख्याबळ, जमीन व फार खालचे नसलेले सामाजिक स्थान ही तिची लक्षणे असून, इतर जातींचे तंटेही तिच्याच वडीलधाऱ्यांपुढे येत. आंद्रे बेतेई यांनी तंजावर जिल्ह्यातील एका गावाच्या अभ्यासात (१९६५) जात, वर्ग व सत्ता यांचा पूर्वीचा मेळ प्रौढ मताधिकार व पंचायती यांमुळे सुटत चालल्याचे दाखविले. एफ. जी. बेली याने ओरिसातील (आता ओडिशा) कोंड लोकांच्या अभ्यासात (१९६०) एकच माणूस प्रसंगानुसार जमात, जात व राष्ट्र या तिन्ही व्यवस्थांचा आधार कसा घेतो, हे स्पष्ट केले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर निर्माण झालेल्या नेतृत्वाचा व त्याच्या युतींचा अभ्यास अँटनी कार्टर याने सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात केला (१९७४).

उपयोजन व आजचे प्रश्न : प्रथागत स्वशासनाला आधुनिक कायद्यात स्थान देण्याचा प्रयत्न भारतात संविधानाच्या पाचव्या व सहाव्या अनुसूचींपासून झालेला आहे. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये झालेल्या पंचायतविषयक कायद्याने ग्रामसभेला परंपरा, साधनसंपत्ती व तंटानिवारणाची रूढ पद्धती जपण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेकडे आला. या गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा व त्यापूर्वी अभ्यासगटांत चर्चा करण्याचा प्रघात पाडला आहे. बहुमताच्या पद्धतीत हरलेला पक्ष उरतो. ज्यांना रोज एकत्र राहावयाचे आहे अशा लहान समाजाला तो परवडत नाही, हे सहमतीच्या पद्धतीचे मानवशास्त्रीय मर्म होय.

मात्र प्रथागत सत्ता नेहमीच सौम्य व समतेची असते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. जातपंचायतींनी आंतरजातीय विवाह करणाऱ्यांना वाळीत टाकणे, दंड करणे, स्त्रियांवर अवमानकारक शिक्षा लादणे अशा घटना महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसह अनेकांनी त्यांविरुद्ध मोहीम चालविली आणि २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. जातपंचायत व ग्रामसभा या दोन्ही स्थानिक संस्था आहेत व दोन्ही परंपरेचा हवाला देतात. त्यांतील फरक पाहावयाचा, तर निर्णयाच्या वेळी कोण बसतो व कोणाला बाहेर ठेवले जाते, स्त्रियांना बोलता येते की नाही, निर्णय न पटल्यास दाद कोठे मागता येते आणि निवाडा देणाऱ्यालाही कोणी जाब विचारू शकतो का, हे तपासावे लागते. नुएर विधिप्रमुखाचे घर अपराध्याला आश्रय देई. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला मात्र गावात आश्रयाची जागा उरत नाही.

अलीकडे या शाखेची व्याप्ती वाढली असून सरकारी कचेऱ्या, राजकीय पक्ष, निर्वासितांच्या छावण्या, सीमा, मतदानाचे विधी व आंतरराष्ट्रीय संघटना यांचाही अभ्यास ती करते. तहसील कचेरीतील अर्ज, शिक्का व फेऱ्या यांतून सामान्य माणसाला राज्य कसे भेटते, हा तिला आता तितकाच महत्त्वाचा विषय वाटतो. राज्य असलेल्या समाजांतही नाते, प्रतिष्ठा, उपकार व भीती यांचे राजकारण चालूच असते आणि राज्य नसलेल्या समाजांनीही सत्तेला आवर घालण्याच्या सूक्ष्म युक्त्या शोधलेल्या असतात, हे या शाखेने पुराव्यानिशी दाखविले. एखाद्या समाजाला ‘कायदा नसलेला’ वा ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरविण्यापूर्वी त्याचे स्वतःचे नियम जाणून घेणे आणि त्या नियमांखाली भरडले जाणाऱ्यांचेही ऐकणे, ही दुहेरी जबाबदारी राजकीय मानवशास्त्राच्या अभ्यासकावर येते.